इन्कम टॅक्सचं दुसरं अपील इंदूरमधून कसं करायचं

पहिलं अपील हरलं की आपल्या इंदुरात लोक लगेच म्हणतात, चला आता हायकोर्टात. थांबा! मधे आयटीएटी म्हणजे इन्कम टॅक्स अपिलेट ट्रिब्युनल आहे, १९४१ पासूनचं, इंदूरला त्याचं बेंच आहे, आणि ते टॅक्सवाल्यांच्या हाताखाली नाही, कायदा मंत्रालयाखाली येतं.

आधी पहिल्या अपिलाची ऑर्डर कधी मिळाली ते बघा. ज्या महिन्यात मिळाली तो संपल्यापासून दोन महिने मिळतात, म्हणजे १२ ऑगस्टला मिळाली तर ऑक्टोबरअखेर. उशीर झालाच तर कारण लिहून माफीचा अर्ज आणि सोबत शपथपत्र लावा. फी ऑफिसरने धरलेल्या उत्पन्नावर ठरते, १ लाखापर्यंत ५००, २ लाखापर्यंत १५००, त्याच्या वर १ टक्का पण १०,००० च्या पुढे नाही.

मग मुद्दे लिहा, छोटे आणि नंबर टाकून. कसा अन्याय झाला ती रामकहाणी तिथे नको, ती सुनावणीत सांगा.

आता खरं काम म्हणजे पेपर बुक, म्हणजे पुराव्याच्या कागदांची फाईल. समजा सराफ्यातल्या दुकानाच्या खात्यात ८ लाख रोख भरले आणि ऑफिसरने ते बेहिशेबी धरले, तर कॅश बुकचं ते पान, त्या दिवसांची बिलं, बँक स्टेटमेंट, सगळं ओळीने लावून पानांना नंबर, वर अनुक्रमणिका, आणि कुठला कागद ऑफिसरला किंवा पहिल्या अपिलात आधीच दाखवला होता तेही लिहायचं, कारण नवा कागद घालायला परवानगी लागते. इथे आळस करू नका, पैसे कुठून आले ह्याचा शेवटचा निकाल इथेच लागतो, पुढे हायकोर्ट फक्त कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच ऐकतं, तुमची वही परत उघडून बसत नाही.

आणि हो, नुसतं अपील केल्याने वसुली थांबत नाही! स्टेसाठी वेगळा अर्ज द्यावा लागतो आणि डिमांडच्या, म्हणजे मागितलेल्या रकमेच्या, किमान २० टक्के भरायची किंवा तेवढी सिक्युरिटी द्यायची तयारी ठेवा.

सुनावणीला सीए, वकील किंवा तुम्ही स्वतः उभे राहू शकता. समोर बहुतेक दोन मेंबर, एक कायद्याचा आणि एक हिशेबाचा, त्यामुळे लांबलचक भाषणापेक्षा "पान १४ बघा साहेब" जास्त कामाचं. निकालात ढळढळीत चूक राहिली असेल तर दुरुस्तीचा अर्ज तिथेच करता येतो, त्याला सहा महिने मिळतात, हायकोर्टासाठी मात्र १२० दिवसच.