ऑल-व्हील ड्राइव्ह आणि टक्केवारीचा घोळ: या चुका टाळा

ऑल-व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर देणाऱ्या, गाडीच्या माहितीपत्रकात ‘५०:५०’ असा आकडा वाचला की इंजिनाचा टॉर्क (चाक फिरवणारा जोर) पुढच्या-मागच्या चाकांना कायम त्याच प्रमाणात मिळत असावा, असा समज होतो. फोक्सवॅगन गोल्फ आरसारख्या गाडीतला मल्टिप्लेट क्लच (एकमेकींवर दाबल्या जाणाऱ्या अनेक चकत्यांचा क्लच) मात्र दोन्ही ॲक्सल, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांचे आस, एकमेकांना किती घट्ट जोडायचे, एवढेच ठरवतो. तो पूर्ण घट्ट असताना पुढची चाके बर्फावर असतील, तर त्यांना टॉर्क पेलताच येत नाही आणि जवळजवळ सगळा टॉर्क मागे जातो. २०२० साली आलेल्या टोयोटा जीआर यारिसच्या स्पोर्ट मोडमधले ३०:७० (पुढे ३०, मागे ७०) हे प्रमाण साधण्यासाठी पुढच्या आणि मागच्या गिअरच्या प्रमाणात मुद्दाम किंचित फरक ठेवलेला आहे. त्यामुळे क्लच थोडा घसरत राहतो आणि अर्थातच तापतो. ट्रॅकवर काही फेऱ्यांनंतर मागचा जोर कमी वाटला, तर बिघाड शोधण्याआधी क्लच थंड होऊ द्यावा.

दोनच टायर नवे घालणे ही काटकसर महागात पडते. जुन्या-नव्या टायरांचा घेर वेगळा असल्याने सरळ रस्त्यावरही क्लच किंवा मधला डिफरेन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) सतत राबतो. सुबारूच्या सूचनेनुसार चारही टायरांच्या घेरात पाव इंचापेक्षा, म्हणजे सुमारे ६ मिलिमीटरपेक्षा, जास्त फरक नसावा.

ओल्या रस्त्यावर निघताना पुढची चाके जागीच फिरत असतील आणि डॅशबोर्डवर एकही दिवा लागला नसेल, तर पाचव्या पिढीच्या हॅल्डेक्समध्ये (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या अशाच मल्टिप्लेट क्लचच्या यंत्रणेत) तेलाच्या पंपाची जाळी आधी तपासावी. क्लचच्या झिजेचा गाळ तिथे साचतो. नुसते तेल बदलून तो निघत नाही, पंप उतरवून जाळी धुवावी लागते. सर्व्हिसच्या बिलावर ‘तेल बदलले’ एवढेच लिहिलेले असेल, तर जाळीबद्दल विचारून घ्यावे.

टॉर्सेन, म्हणजे क्लचऐवजी गिअरच्या घर्षणावर टॉर्क वाटणाऱ्या, डिफरेन्शियलचे दुखणे वेगळे आहे. कमी पकड असलेल्या बाजूला जेवढा टॉर्क पेलतो, त्याच्या काही पट तो दुसऱ्या बाजूला देतो. चाक हवेत असेल तर शून्याची कितीही पट शून्यच. अशा वेळी ॲक्सिलरेटर दाबून धरताना ब्रेकही हलका लावावा, म्हणजे मोकळ्या चाकाला विरोध मिळून पकड असलेल्या चाकाकडे टॉर्क जातो. अमेरिकी सैन्यातील हमव्ही या लष्करी गाडीचे चालक हीच युक्ती वापरत आले आहेत.

गाडी बंद पडल्यास दोन चाके उचलून ओढू नये, चारही चाके वर राहतील असा फ्लॅटबेड मागवावा. शिवाय ब्रेक लावताना ऑल-व्हील ड्राइव्हचा उपयोग जवळपास नसतो, तिथे सगळा भार टायरांवर असतो.