सन रा ऐकायचाय, पण सुरू कुठून करायचं?

सन रा म्हणजे अमेरिकन जॅझ पियानोवादक आणि बँडलीडर. पहिलं सांगतो, त्याच्या मॅजिक सिटी या अल्बमपासून सुरू करू नका. मी तेच केलं, साधारण 27 मिनिटांचा एकच तुकडा, सातव्या मिनिटाला डोकं भंजाळलं आणि पुढची दोन वर्षं या माणसाच्या वाटेला गेलो नाही. शंभराहून जास्त अल्बम आहेत याचे, चुकीच्या दारातून शिरलात की संपलं.

1914 साली अलाबामातल्या बर्मिंगहॅमला जन्मलेला हा हर्मन ब्लाउंट, पण सांगायचा की मी शनी ग्रहावरून आलोय, आणि 1993 ला जाईपर्यंत त्यावरून हटला नाही, 1952 ला तर नावही कायदेशीर बदलून घेतलं. चमकीचे झगे आणि इजिप्तवाले मुकुट बघून लोक चक्रम म्हणून सोडून देतात, त्यामुळे फोटो नंतर बघा, आधी 1959 चा जॅझ इन सिल्हूट लावा. सरळ पाय हलवणारं स्विंग आहे, कारण गडी 1946 ला फ्लेचर हेंडरसन या स्विंगवाल्या बँडलीडरच्या बँडमध्ये पियानो वाजवून आलेला. त्यातलं एन्शंट एथिओपिया मात्र हेडफोन लावून ऐका, ड्रम एकच ठेका धरून बसलेत, वर फ्लूट फिरतायत, आणि आपण स्विंगमधून कधी बाहेर पडलो ते कळतच नाही.

मग 1978 चा लँक्विडिटी. ढिला, फंकी, एका रात्रीत रेकॉर्ड केलेला, तुम्हीही रात्रीच ऐका.

आता साल बघताना गोंधळ होतो. लेबल म्हणजे रेकॉर्ड कंपनी घरचीच, सॅटर्न (म्हणजे शनीच), पैसे जमले की थोड्या प्रती काढायच्या, कव्हरं बऱ्याचदा हातानेच रंगवायची आणि शो झाला की तिथेच विकायची. कॉस्मिक टोन्स फॉर मेंटल थेरपी 1963 ला रेकॉर्ड झाला आणि बाहेर आला 1967 ला! म्हणून रेकॉर्डिंगचं साल शोधा आणि बाकीचे त्या क्रमाने ऐका, बँडचा मुक्काम आधी शिकागो, मग 1961 पासून न्यूयॉर्क, मग 1968 पासून फिलाडेल्फिया, जिथे बँडमधले बरेच जण एकाच घरात राहायचे आणि हा म्हणेल तेव्हा तालमीला बसायचे. वेड्यांचा बाजार वाटतो पण शिस्त कडक होती.

एवढं पचलं की मॅजिक सिटीकडे या. हे बर्मिंगहॅमचंच टोपणनाव, तिथल्या रेल्वे स्टेशनबाहेर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं, म्हणजे शनीवरचा माणूस 1965 ला गावाकडचीच पाटी वाजवत होता. स्ट्रेंज स्ट्रिंग्ज सगळ्यात शेवटी, घरी कोणी नसताना, कारण त्यात त्याने वादकांना येत नसलेली तंतुवाद्यं हातात दिलीयत.

आणि मार्शल ॲलनचा सॅक्सोफोन ओळखायला शिका, तो किंचाळतो तोच. 1924 चा जन्म, शिकागोपासून याच बँडमध्ये, पुढे बँडही त्यानेच चालवला आणि पहिला सोलो अल्बम काढला 2025 मध्ये, वय वर्षं 100.