मूल खोटं बोललं तर नेमकं काय करायचं

माझी मुलगी चौथीत असताना तिने घटक चाचणीच्या पेपरवर माझी सही केली होती. गणितात 20 पैकी 7. सही तशी बऱ्यापैकी जमली होती, फक्त माझ्या सहीखाली जी तिरकी रेघ जाते ती तिने पट्टीने मारली होती, अगदी सरळ. पेपर मला दप्तरात सापडला आणि मी काय केलं, तर तो पाठीमागे धरून तिला विचारलं, "गणिताचा पेपर मिळाला का गं?" ती म्हणाली नाही. मी म्हटलं नक्की? तर म्हणाली, "आईशप्पथ नाही मिळाला." मग मी पेपर पुढे केला आणि रडारड, आरडाओरडा, सगळं झालं. रात्री झोप लागेना तेव्हा लक्षात आलं की सही तिने एकदाच खोटी केली होती, पुढची दोन खोटी मात्र मीच तिच्याकडून बोलवून घेतली.

म्हणून पहिली गोष्ट हीच सांगते. जे तुम्हाला आधीच माहितीये ते विचारू नका. "हे कोणी सांडलं?" असं दुधाच्या मिश्या असलेल्या मुलाला विचारण्यात काही अर्थ नाही, त्याच्यापुढे आपण फक्त खोटं बोलायची संधी ठेवतो. त्याऐवजी सरळ म्हणा, "दूध सांडलंय, फडकं घेऊन ये, आपण पुसूया." सहीच्या बाबतीत मी म्हणायला हवं होतं, "पेपर बघितला मी. सही तू केलीयेस. एवढी का घाबरलीस ते सांग." आता घरी शिकवण्या घेते तिथे हेच करते, गृहपाठ केला का असं विचारतच नाही, "वही दाखव, जिथपर्यंत झालंय तिथून पुढे बसू" म्हणते आणि निम्म्या थापा तिथेच बंद होतात.

आता वयाचं बघूया, कारण तीन वर्षांचं मूल आणि तेरा वर्षांचं मूल यांच्या खोट्यात जमीन अस्मानाचा फरक असतो आणि आपण दोघांना एकच भाषण देतो.

कॅनडातल्या संशोधकांनी लहान मुलांवर एक साधा प्रयोग केला. मुलाच्या पाठीमागे एक खेळणं ठेवायचं, मागे वळून बघू नकोस म्हणून सांगायचं आणि खोलीतून बाहेर जायचं. बहुतेक मुलं वळून बघतातच. मग परत येऊन विचारायचं, बघितलंस का? बघणाऱ्यांपैकी तीन वर्षांची साधारण निम्मी मुलं हो म्हणाली, चार वर्षांच्या पुढची बहुतेक सगळी नाही म्हणाली. आणि गंमत म्हणजे नाही म्हणणाऱ्या लहानग्यांना पुढे विचारलं की मग काय असेल रे ते खेळणं, तर ती पटकन खेळण्याचं बरोबर नाव सांगून मोकळी होतात! म्हणजे लपवायचं कळलंय पण लपवून ठेवायचं अजून जमत नाहीये. मला हे वाचून खूप हायसं वाटलं होतं, कारण माझ्या डोक्यातलं समोरच्याला माहीत नाही हे कळल्याशिवाय मुलाला खोटं बोलताच येत नाही, म्हणजे हा मेंदूच्या वाढीचाच भाग आहे. चार वर्षांचं पोरगं खोटं बोललं म्हणून ते वाया गेलं नाही हो. त्या वयात "खोटारडा" हा शब्द मात्र घरात अजिबात वापरू नका, आजी-आजोबांनाही हात जोडून सांगा, कारण मुलं त्या वयात आपण कोण आहोत हे मोठ्यांच्या तोंडूनच शिकतात आणि एकदा शिक्का बसला की ते तसंच वागायला लागतं.

पाच ते आठ या वयात गंमतीत मारलेली थाप आणि फसवायला बोललेलं खोटं यातला फरक मुलांना नीट कळत नसतो. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजेने 1932 च्या पुस्तकात मुलांना विचारलेल्या दोन गोष्टी दिल्यात. एका मुलाने घरी येऊन सांगितलं, मी गाईएवढा मोठा कुत्रा बघितला. दुसऱ्याने आईला सांगितलं, बाईंनी मला चांगले मार्क दिले, आणि बाईंनी दिलेच नव्हते. जास्त वाईट कोण? लहान मुलं म्हणाली कुत्रावाला, कारण एवढा मोठा कुत्रा कधी असतो का! मार्कांचं तर आईला खरं वाटू शकतं, मग त्यात काय एवढं. थोडी मोठी मुलं बरोबर उलटं सांगतात, कारण त्यांना फसवायचा हेतू दिसायला लागलेला असतो. तर या वयात करायचं काय, तर हेतूबद्दल बोलायचं. रात्री झोपताना असे दोन-दोन प्रसंग सांगून विचारा, कोणाचं जास्त चुकलं आणि का. उत्तर दुरुस्त करायची घाई करू नका, "का" वर थांबा. माझा धाकटा सहा वर्षांचा असताना म्हणाला होता, "कुत्रावाल्याने कोणाचं काही घेतलं नाही, मार्कवाल्याने आईचं खुश होणं घेतलं." मी त्याला तसाच कुशीत घेऊन बसले होते.

गोष्टींचं म्हणाल तर आपण सगळे "लांडगा आला रे आला" सांगतो. 2014 साली तीन ते सात वर्षांच्या मुलांवर तपासून बघितलं तर त्या गोष्टीने मुलं जास्त खरं बोलली नाहीत, नाक लांब होणाऱ्या लाकडी बाहुल्याच्या गोष्टीनेही नाही. ज्या गोष्टीत मुलगा झाड तोडल्याचं कबूल करतो आणि वडील त्याच्या खरेपणाचं कौतुक करतात, तिने मात्र फरक पडला. आणि त्याच गोष्टीचा शेवट बदलून, तो खोटं बोलला आणि त्याचं वाईट झालं असा केला तर परिणाम गेला. म्हणजे भीती नको, खरं बोलून पुढे चांगलं काय होतं ते दाखवायचं. आपल्याकडे 1 ऑगस्टला शाळाशाळांतून टिळकांची शेंगांच्या टरफलांची गोष्ट पोरं तावातावाने भाषणात सांगतात, ती याच कामाला वापरा की, पण "बघ टिळक कसे होते" असं टोमण्यासारखं नाही, मुलाला विचारा, सगळा वर्ग एकीकडे आणि हा एकटा बोलतोय तेव्हा त्याच्या पोटात कसं झालं असेल?

आता खरा अवघड भाग, मूल कबूल करतं तेव्हा आपण काय करतो. समजा मुलाने सांगितलं, फळीवरच्या डब्यातले 50 रुपये मी घेतले. आपण एक तर फाडकन कानाखाली देतो नाहीतर गहिवरून सगळं माफ करून टाकतो. दोन्ही नको. आधी एक वाक्य, "तू स्वतःहून सांगितलंस, बरं वाटलं मला." आणि मग दुसरं, "आता ते पैसे परत कसे करायचे ते ठरवूया." खाऊच्या पैशातून आठवड्याला दहा दहा रुपये त्याने स्वतःच्या हाताने त्या डब्यात टाकायचे, पाच आठवडे, मध्ये सूट नाही. खरं बोलल्याबद्दल कौतुक आणि केल्याची भरपाई, या दोन गोष्टी एकमेकींत मिसळू द्यायच्या नाहीत. मारण्याबद्दल स्पष्टच सांगते, पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांची तुलना 2011 साली छापून आली होती, एका शाळेत छडी होती, दुसरीत नव्हती, तर छडीच्या शाळेतली तीन-चार वर्षांची मुलं जास्त खोटं बोलत होती आणि ते खोटं जास्त सफाईने टिकवतही होती. मार खाऊन मूल एवढंच शिकतं की पुढच्या वेळी सापडायचं नाही.

शपथा घालणं बंद करा. गळा धरून "घे माझी शप्पथ" म्हटलं की मूल आई मरेल या भीतीने गोठून जातं. त्याऐवजी विचारायच्या आधी शांतपणे म्हणा, "मी एक विचारणारे, खरं सांगशील असं प्रॉमिस कर." एवढ्याशा प्रॉमिसने मुलं जास्त खरं बोलतात हे प्रयोगांत दिसलंय, आणि मी शिकवणीतही रोज बघते.

आणि आपलं स्वतःचं काय? "काकांना सांग बाबा घरी नाहीत" हे आपणच मुलाला दारात पाठवून बोलायला लावतो. 2014 मध्येच अमेरिकेत एक अभ्यास झाला, त्यात मोठ्या माणसाने आधी थाप मारली तर पाच ते सात वर्षांची मुलं नंतर स्वतः चीटिंगही जास्त करत होती आणि त्याबद्दल खोटंही जास्त बोलत होती. तेव्हा "बाबा आत्ता बोलू शकत नाहीत, संध्याकाळी फोन करतील" एवढं खरं वाक्य मुलाच्या हातात द्या. आवडला नाही असा ड्रेस आत्याने आणला तर "मस्तय" म्हणायला लावू नका, "आत्या, तू आठवणीने आणलास, थँक्यू" हे खरंही आहे आणि आत्याचं मनही राखतं.

बारा-तेराच्या पुढे सगळंच बदलतं. आतापर्यंत मी तुमचा मुलगा, आता मी नेमका कोण, हे शोधणं सुरू होतं आणि त्यासाठी मुलांना एक आपली आपली जागा लागते. न सांगणं आणि खोटं बोलणं हे वेगळं धरायला शिका. मैत्रिणीशी काय बोलली, डायरीत काय लिहिलं, कुठली गाणी ऐकते, हे तिचं. पण कुठे जातेयस, कोणाबरोबर, कधी परत, कशी येणार, हे चार प्रश्न विचारायचा हक्क आपला, कारण त्यात सुरक्षिततेचा प्रश्न आहे, आणि हे तिला असंच कारणासकट सांगा. स्वीडनमध्ये 14 वर्षांच्या मुलांच्या घरांचा अभ्यास झाला होता, 2000 साली छापून आला, त्यात दिसलं की आईवडिलांना जे काही माहीत असतं ते पाळत ठेवून कमी आणि मुलांनी आपणहून सांगितल्यामुळेच जास्त. म्हणून चोरून मोबाईल चेक करण्यापेक्षा रोज अर्धा तास तिच्या आसपास नुसतं असा, भाजी निवडा, स्कूटीवर तिला मागे बसवा, प्रश्न विचारू नका. समोरासमोर बसवून विचारलं की पोरं गप्प होतात, बाजूला बसलं की बोलतात.

आणि एक. खोटं अचानक वाढलं, रोजचं झालं, पैसे गायब व्हायला लागले, किंवा मूल शाळेत जायच्या वेळीच पोट दुखतंय म्हणायला लागलं, तर शिक्षा हा विषयच बाजूला ठेवा. घरात किंवा बाहेर कोणाची तरी भीती असू शकते, कोणी त्रास देत असू शकतं, वेळ पडली तर समुपदेशकाकडे जा, त्यात कमीपणा काही नाही. पोटदुखी खरी की खोटी यावर वाद घालत बसू नका, वर्गात तुझ्या शेजारी कोण बसतं, डबा कोणाबरोबर खातोस, तिथून सुरुवात करा.