जुना ट्रॅक्टर विकताय? पाठवणी नंतर, आधी कागद : या चुका टाळा

आमची मॅसी 1035 विकायला काढली तेव्हा मी सगळ्यात आधी पेंटरला बोलावलं. लालभडक रंग, नवे स्टिकर, टायरला काळं पॉलिश. पहिलं गिऱ्हाईक आलं, बोनेटवरून हात फिरवला आणि म्हणालं, "काय झाकलंय ह्यात?"

बैलबाजारात शिंगं साळून, तेल चोपडून बैल उभा केला की जाणता माणूस आधी दात बघतो. ट्रॅक्टरचंही तसंच आहे. पण घरचा जुना ट्रॅक्टर विकताना आपण व्यापार करत नसतो, लेकीची पाठवणी करत असतो. नटवायचं, उणं काही बोलायचं नाही आणि कागदांचा विषय निघाला की संकोचायचं. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका या एकाच सवयीतून होतात. त्यातल्या काही मी स्वतः केल्या आहेत.

रंग नको, धुलाई करा

डिझेलने आणि पाण्याच्या फवाऱ्याने ट्रॅक्टर स्वच्छ धुवा, एवढं पुरे. जुना मूळ रंग, मडगार्डवर पाय घासून उघडा पडलेला पत्रा, हे सगळं खरेदीदाराला ट्रॅक्टरचा इतिहास सांगतं. ताजा रंग तो इतिहास पुसतो आणि संशय वाढवतो. आमच्या पेंटरने तर इंजिन नंबरवरही दोन हात मारले होते. इंजिन आणि चेसिसचे कोरलेले आकडे स्पष्ट वाचता आले पाहिजेत, नाहीतर आरटीओच्या तपासणीत तिथेच अडकाल. मला ते नंतर पॉलिश पेपरने घासत बसावं लागलं.

पैसे घालायचेच असतील तर बॅटरी, फिल्टर, तेल आणि गळणारी सील यांवर घाला. विकण्यासाठी मागचे नवे टायर टाकू नका. तो खर्च किमतीत पुरता वसूल होत नाही, हे माझं ठाम मत.

गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन तापवून ठेवणे

ही चलाखी सगळ्यांना माहीत आहे. येणारा माणूस गप्पा मारता मारता सायलेन्सरच्या बुडाला हात लावतो आणि गरम लागला की मनातल्या मनात भाव कमी करतो. ट्रॅक्टर थंडच दाखवा. पण त्याआधी आठवडाभर स्वतः रोज सकाळी थंड इंजिन चालू करून बघा, म्हणजे दोष आधी तुम्हाला कळतील.

सेल्फ मंद फिरत असेल तर लगेच सेल्फ उतरवू नका. बॅटरीचे टर्मिनल आणि अर्थची वायर घासून घट्ट करा, निम्म्या वेळा काम तिथेच होतं. सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, अशा वेळी बहुधा डिझेलच्या लाइनमध्ये हवा धरलेली असते, विशेषतः ट्रॅक्टर बरेच दिवस उभा असेल तर. फिल्टरवरचा बोल्ट ढिला करून हातपंपाने हवा काढा. सकाळी मिनिटभर पांढरा धूर आला तर चालतं, पण इंजिन तापल्यावरही तो राहिला तर डिझेल फवारणारं नोझल तपासा किंवा कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब बघा. ओढीला काळा धूर निघत असेल तर आधी एअर क्लीनरच्या वाटीतलं तेल बदला. त्या वाटीत गाळाचा चिखल झालेला असतो आणि आपण डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला दोष देतो. निळा धूर आणि ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) जोरात फुंकर म्हणजे लायनर-पिस्टन आणि रिंगा थकल्या आहेत. ते लपवून लपत नाही.

हायड्रॉलिकचं, म्हणजे अवजार उचलणाऱ्या लिफ्टचं, थोडं सविस्तर सांगतो, कारण सौदा बहुतेक इथे मोडतो. नांगर उचलून इंजिन बंद केलं आणि तो हळूहळू खाली बसला, की समोरचा लगेच "लिफ्ट गेली" म्हणतो. आधी तेलाची पातळी आणि गाळणी बघा. तेल ताकासारखं पांढुरकं झालं असेल तर त्यात पाणी शिरलंय. उघड्यावर उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरमध्ये गिअरच्या दांडीभोवतीचं फाटलेलं रबरी बूट हीच पाण्याची वाट असते. तेल बदलून आणि स्वस्तातलं ते रबर नवं टाकून फरक पडला तर उत्तम. नाही पडला तर सील किंवा पंपाचं काम आहे, तसं सरळ सांगा. दोष तुम्ही स्वतः सांगितला तर त्याचे पैसे एकदाच कमी होतात. त्याने शोधला तर तो न सापडलेल्या दोषांचेही पैसे कापतो.

आठवणींची किंमत लावणे

आमच्या अण्णांनी याच ट्रॅक्टरवर माळ फोडला, मोटारीआधी हा दारात आला, हे सगळं खरं. पण त्याचे पैसे कुणी देत नाही. जुन्या ट्रॅक्टरचा भाव मुख्यतः सुटे भाग मिळण्यावर ठरतो. मॅसी किंवा महिंद्रा असेल तर तालुक्याच्या गावी भाग मिळतात आणि मिस्त्रीही. एचएमटी या सरकारी कंपनीची गोष्ट वेगळी. 1971 मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या कारखान्यातून झेटर या परदेशी कंपनीच्या आराखड्यावर निघालेला 25 अश्वशक्तीचा 2511 कितीही चिवट असला, तरी 2016 मध्ये सरकारने कंपनीचा ट्रॅक्टर विभाग बंद करायचं ठरवलं. भाव सांगताना हे डोक्यात ठेवा.

वेळही बघा. दसऱ्याला आणि पाडव्याला लोक नवे ट्रॅक्टर घेतात, बदल्यात दिलेले जुने लगेच बाजारात येतात आणि भाव पडतो. त्यापेक्षा पेरणीच्या तोंडावर किंवा ऊसतोड सुरू होण्याआधी गरजू शेतकरी स्वतः शोधत येतो. नांगर, कल्टिव्हेटर, ट्रॉली यांचे भाव वेगळे लावा. "सगळं मिळून" म्हणालात की अवजारं फुकटात जातात.

नोटरी केली म्हणजे झालं, असं समजणे

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. पूर्वी 100 रुपयांच्या स्टॅम्पवर लिहायचे, ऑक्टोबर 2024 पासून महाराष्ट्रात तो 500 चा झाला. पण कितीचाही असो, त्याने नोंदणीतला मालक बदलत नाही. मोटार वाहन कायद्याच्या लेखी मालक तोच, ज्याचं नाव नोंदणीत आहे. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण आलं होतं. विकलेली गाडी पुढे तीनचार हातांत फिरली, नोंदणी मात्र पहिल्याच माणसाच्या नावावर राहिली. अपघात झाला आणि भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच आली.

ट्रॅक्टरच्या बाबतीत आणखी एक धोका आहे, वाळूचा. रात्री नदीपात्रात चोरून वाळू भरताना पकडलेल्या ट्रॅक्टरची चौकशी नंबरवरून होते, आणि नोटीस घेऊन कोतवाल तुमच्या दारात उभा राहतो.

म्हणून फॉर्म 29 आणि 30 भरून नावबदल करूनच घ्या. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत कळवायचं असतं. घेणारा परराज्यातला असेल तर फॉर्म 28 ची एनओसीही (ना-हरकत दाखला) लागते. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून एजंटाच्या हाती अजिबात देऊ नका. तो कागद खिशात ठेवून ट्रॅक्टर आणखी दोघांना विकला जातो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. शेवटचे 10-15 हजार नावबदल झाल्यावर घ्यायचे किंवा द्यायचे, असं विसाराच्या पावतीतच लिहिलं तर दोघेही कामाला लागतात. आणि पूर्ण रक्कम रोख मागू नका. एका व्यवहारात 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड होऊ शकतो.

जुन्या ट्रॅक्टरचे कागद विक्रीच्या दोन महिने आधीच कपाटातून काढा. नोंदणी 15 वर्षांची असते, पुढे फॉर्म 25 भरून 5-5 वर्षांनी वाढवावी लागते आणि बहुतेकांची कधीच संपलेली असते. 1989 च्या आधीचा, एमएच नसलेला तीन अक्षरी नंबर असेल तर तो संगणकात चढलाच नसल्याची शक्यता असते. आधी आरटीओत त्याची बॅकलॉग नोंद करून घ्यावी लागते. एप्रिल 2019 पूर्वीच्या वाहनाला नवी एचएसआरपी, म्हणजे जास्त सुरक्षेची नंबर पाटी हवी, ट्रॅक्टरसाठी ती 450 रुपये अधिक जीएसटी एवढ्यात बसते. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते. ती कधी केलीच नसेल तर तसं आधीच सांगा.

आणि बोजा बघा. कर्ज फिटून 20 वर्षं झाली तरी आरसीवरचं बँकेचं नाव आपोआप पुसलं जात नाही. त्यासाठी बँकेचा दाखला आणि फॉर्म 35 लागतो. ट्रॅक्टर भूविकास बँकेच्या कर्जावर घेतला असेल तर बँक गुंडाळली गेली आहे, त्यामुळे हा दाखला मिळवायलाच सगळ्यात जास्त हेलपाटे पडतात.

बहिणींना न विचारणे

ट्रॅक्टर वडिलांच्या नावावर आणि वडील गेलेले, अशा घरांत थोरला भाऊ परस्पर सौदा ठरवतो. काही जण तर गेलेल्या माणसाच्या नावापुढे स्वतःच सही ठोकतात. हा सरळ गुन्हा आहे. आधी फॉर्म 31 भरून ट्रॅक्टर वारसाच्या नावावर करा, मगच विका. कायद्याने हा अर्ज मृत्यूनंतर 3 महिन्यांत करायचा असतो. आई आणि लग्न झालेल्या बहिणी याही वारस आहेत, त्यांची संमती लागते. आमच्याकडे धाकट्या ताईला फोनच केला नव्हता. तिने आडकाठी केली नाही, पण "मला एकदा बघायला तरी बोलवायचं," एवढंच म्हणाली. कागदाच्या कटकटीपेक्षा ते जास्त लागलं.

ताबा देताना

ताबा पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहा, सकाळी 11 वाजून 20 मिनिटं अशी. त्या क्षणानंतर रस्त्यावर काही घडलं तर ही वेळ सांगता येते. इंजिन नंबर, चेसिस नंबर, तासाच्या मीटरचा आकडा, टॉप लिंक आणि हूक दिले की नाही, हेही लिहा. विमा चालू आहे का ते बघूनच ट्रॅक्टर रस्त्यावर जाऊ द्या, नाहीतर दुसऱ्या गाडीवर चढवून न्यायला सांगा.

टूलबॉक्स आदल्या दिवशीच रिकामा करा. आम्ही तो घेणाऱ्यासमोरच उघडला. आत पाने, एक बोथट विळा, बिडीचं सुकलेलं बंडल आणि अण्णांच्या अक्षरात मागे हिशेब मांडलेली डिझेलची पावती निघाली. पाने आणि विळा त्याला दिला. पावती मी ठेवली.