चित्र घेऊन लगेच विकताय? या चुका टाळा

डिसेंबर २०१३ मध्ये क्रिस्टीज या लिलावगृहाने मुंबईत भारतातला पहिला लिलाव केला आणि वासुदेव गायतोंडे यांचं एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेलं. असे आकडे वाचून 'आज घेऊ, सहा महिन्यांत विकू' असं वाटणारे पुष्कळ. पण हा आकडा विकणाऱ्याच्या हाती पडत नाही. त्यात लिलावगृहाचा बायर्स प्रीमियम, म्हणजे घेणाऱ्याकडून बोलीच्या वर घेतलेली रक्कम, मिसळलेला असतो.

हिशेब मांडून बघा. बोली १ लाखाला थांबली आणि प्रीमियम २० टक्के धरला, तर तुम्ही मोजले १ लाख २० हजार. सहा महिन्यांनी तेच चित्र १ लाख ३० हजारांच्या बोलीला गेलं. लिलावगृहाने विकणाऱ्याकडून घेतलेलं १० टक्के कमिशन कापून हाती आले १ लाख १७ हजार. भाव ३० टक्क्यांनी चढला, तरी तुमचे ३ हजार गेलेच! जीएसटी, फ्रेम, वाहतूक अजून धरलेली नाही. लिलावात घेऊन लिलावातच विकणं म्हणूनच मला आतबट्ट्याचं वाटतं. त्यापेक्षा थेट चित्रकाराकडून घेतलेलं बरं.

राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली चित्र विकायचं नाही ती किंमत, चढी ठेवणं ही दुसरी चूक. चित्र न विकता परत आलं की ते जाणकारांच्या लक्षात राहतं. लगेच दुसऱ्या लिलावात घालू नका. वर्ष-दोन वर्षं थांबा किंवा गॅलरीमार्फत शांतपणे गिऱ्हाईक शोधा.

पावती आणि आधीच्या मालकांची साखळी नसेल, तर 'जुनं आहे' या शब्दाला किंमत नाही. आपल्याकडे आजोबांच्या वाड्यातला 'रविवर्मा' बहुतेक वेळा छापखान्यातला निघतो. चित्रकार राजा रविवर्मांचा प्रेस १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे मळवलीला गेला. विकता येतं, पण छापील चित्राच्या भावानेच. आणि अस्सल रविवर्मा हाती लागलाच, तर १९७२ च्या पुरावशेष कायद्यामुळे तो परदेशी गिऱ्हाइकाकडे पाठवता येत नाही.

कर विसरू नका. चित्र २४ महिन्यांच्या आत विकलं, तर नफा उत्पन्नात मिळवून तुमच्या स्लॅबने कर लागतो. त्यानंतर विकलं तर १२.५ टक्के. वरचेवर विकत राहिलात तर तो धंदाच धरला जाऊ शकतो, तेव्हा सीएला आधी विचारा.

विकेपर्यंत त्याच चित्राचे प्रिंट काढून विकू म्हणाल, तर तेही नाही. कॅनव्हास तुमचा, कॉपीराइट सहसा चित्रकाराचाच.