फलकामागचा कागद: कोल्हापूरच्या वाहतूक शाखेत नव्यानं येणाऱ्यांसाठी

पोलीस ठाण्यातून वाहतूक शाखेत बदली झाली की प्रत्येक अंमलदार दोनच प्रश्न विचारतो. पॉइंट (उभं राहायची नेमून दिलेली जागा) कुठला, आणि चलनाचं मशीन कधी मिळणार? मीही तेच विचारलं होतं. तिसरा प्रश्न मला सुचला नाही आणि त्याचा लेखी खुलासा मला दुसऱ्याच महिन्यात द्यावा लागला. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

कलमं, गणवेश, शिट्टी, हाताचे इशारे हे सगळं तुम्ही प्रशिक्षणात शिकून आलेलं असता. त्यात मी वेळ घालवत नाही. शहराबद्दल मात्र बोलायला हवं, कारण कोल्हापूर नकाशावर दिसतं त्यापेक्षा अवघड आहे. महाद्वार रोड, पापाची तिकटी, गंगावेश हा भाग पायी चालणाऱ्यांसाठी आणि बैलगाड्यांसाठी वसलेला. त्यात आता अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्या परगावच्या मोटारी शिरतात. मोबाईलवरचा नकाशा त्यांना जवळचा रस्ता म्हणून बोळात घालतो आणि त्या तिथं अडकल्या की मागं दहा रिक्षा उभ्या राहतात. शाहूपुरी आणि राजारामपुरीच्या मधून रूळ जातात. परीख पुलाखाली पावसाचं पाणी साचलं की सगळ्या शहराची गाडी वळवायची पाळी येते. सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या चौकात रुग्णवाहिकांची ये-जा आधीपासून होतीच. १८ ऑगस्ट २०२५ पासून समोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि सकाळच्या दोन तासांचा हिशेब बदलला. ऊस हंगामात कसबा बावड्याच्या कारखान्याकडं जाणारे दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर येतात. त्यांना चौकाच्या तोंडाशी कधीच थांबवू नका. भरलेला ट्रॅक्टर चढाला परत सुटायला किती वेळ घेतो ते एकदा बघितलंत की सांगावं लागणार नाही.

पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी रोज सकाळी विचारायची सवय लावा. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. पाणी चढायला लागलं की रत्नागिरी रस्ता केर्लीजवळ बंद होण्याची वाट बघावी लागते, आणि २०१९ व २०२१ ला शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गच पाण्याखाली गेला होता. अशा वेळी पॉइंटवरच्या माणसाला चलनाचं काही काम नसतं. "साहेब, सांगलीला कुठनं जाऊ?" याचं खरं उत्तर त्याच्याकडं असावं लागतं.

आता माझं सांगते.

नवरात्र नुकतंच संपलेलं. मंदिराच्या बाजूच्या एका बोळाच्या तोंडावर मला उभं केलं होतं. बोळाच्या कोपऱ्यावर ‘वाहनांस प्रवेश बंद’ असा फलक होता, चांगला ठळक. मशीन नवं, हात शिवशिवत होते. दोन दिवसांत मी तिथं तीसेक चलनं केली. "ओ मॅडम, सोडा की, रोज हितनंच जातोय" असं प्रत्येक जण म्हणत होता आणि प्रत्येकाला मी फलक दाखवत होते. तिसऱ्या दिवशी एक आजोबा स्कूटर घेऊन आले. त्यांनी गाडी बाजूला लावली, कागदपत्रं दाखवली आणि शांतपणे विचारलं, "बाई, हा फलक कुठल्या आदेशाचा? तारीख काय त्याची?" मी म्हणाले, "फलक दिसत नाही का तुम्हाला?" ते म्हणाले, "फलक दिसतो. आदेश विचारतोय." मी चलन केलं. त्यांनी संध्याकाळी लेखी अर्ज दिला.

आदेश काढून बघितला तेव्हा कळलं की ती बंदी घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंतच होती. मुदत संपली होती. फलक तेवढा उभा होता. आणि मी आदेश न वाचताच तो वापरत होते.

हे नीट समजून घ्या. थोडं लांबण लागेल, पण हीच गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली रस्त्यावर बंदी घालता येते, एकदिशा करता येते, जड वाहनांना ठराविक वेळ ठरवता येते. पण ते काम पॉइंटवर उभ्या माणसाचं नाही. त्यासाठी अधिकार असलेल्या अधिकाऱ्याचा सहीचा आदेश लागतो. बंदी एक महिन्यापेक्षा जास्त टिकायची असेल तर ती राजपत्रात प्रसिद्ध व्हायला हवी. महिन्याच्या आतली असेल तर राजपत्राची गरज नाही, पण स्थानिक पातळीवर लोकांना कळवावं लागतं. सणावारांचे, मिरवणुकीचे, यात्रेचे बहुतेक बदल या दुसऱ्या प्रकारातले. म्हणजे त्यांना शेवटची तारीख असते आणि त्या तारखेच्या रात्री बारानंतर तुमच्या मागचा फलक नुसता पत्रा उरतो. पार्किंगचंही तसंच. गाड्या कुठं उभ्या करायच्या हे कलम ११७ प्रमाणं महापालिकेशी विचारविनिमय करून ठरतं. क्रेननं गाडी उचलायची तर कलम १२७ बघा. जिथं पार्किंगला कायद्यानं मनाई आहे तिथली गाडी उचलता येते. एखाद्या दुकानदारानं स्वतःच्या खर्चानं लावलेली ‘नो पार्किंग’ची पाटी म्हणजे मनाई नव्हे. अशा पाट्या राजारामपुरीत, लक्ष्मीपुरीत गल्लोगल्ली दिसतील आणि दुकानदार हक्कानं सांगेल, "मॅडम, ही गाडी उचला." उचलू नका.

म्हणून पॉइंट मिळाला की हजेरीलाच विचारा: इथल्या फलकांचे आदेश कोणते, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, कुठल्या वाहनांना, किती ते किती वाजेपर्यंत, कुठल्या दिशेनं. शेवटची तीन विसरू नका. दुचाकीला मुभा असलेल्या रस्त्यावर दुचाकीचं चलन झालेलं मी पाहिलंय. सम-विषम तारखेच्या पार्किंगला (सम तारखेला एका बाजूला, विषम तारखेला दुसऱ्या) तर महिना बदलताना ३१ आणि १ लागोपाठ येतात, दोन्ही विषम. गाडी त्याच बाजूला असते आणि अंमलदाराला वाटतं कालचीच राहिली. आदेशाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, पण छापील प्रत खिशात असू द्या. मी अजून ठेवते. कोल्हापूरचा माणूस विचारतोच. याच शहरानं वर्षानुवर्षं आंदोलन करून २०१५ च्या शेवटी शहरातला टोल घालवला. इथं "कुठल्या कायद्यानं?" हा प्रश्न उद्धटपणा म्हणून घेऊ नका.

माझ्या तीस चलनांपैकी प्रत्येकाचा वेगळा अहवाल मी लिहिला. एक माणूस त्यात शेवंतीची फुलं विकणारा होता. त्यानं पाचशे रुपये जागेवर भरले होते, त्या दिवसाच्या विक्रीतले. त्याचा अर्ज मीच लिहून दिला. तो अजून त्याच बोळाच्या तोंडावर बसतो. मी तिथून जाते तेव्हा पाय आपोआप मंद होतात.

घाबरून मात्र जाऊ नका. एक चूक लेखी झाली म्हणून नोकरी जात नाही. खुलासा खरा लिहिला, आदेश वाचला नव्हता हे मान्य केलं आणि प्रकरण तिथंच थांबलं. ज्यांनी बनाव रचला त्यांचं लांबलेलं मी पाहिलं आहे.

शिकवणाऱ्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. शाखेत दोन प्रकारचे जुने हवालदार भेटतील. एक सांगतो, "अडव, मग बघू." त्याच्यापासून चार हात लांब राहा, तो कितीही प्रेमानं चहा पाजू दे. दुसरा आधी तुम्हाला अर्धा तास नुसतं उभं करून चौक बघायला लावतो. मला असा एक भेटला. दाभोळकर कॉर्नरला तो सिग्नलकडं न बघता सांगायचा की स्टेशनकडची रांग आता अडणार, कारण हॉर्नचा आवाज बदलला. त्याचं एकच सांगणं होतं: गाडी अडवायची तर चौक ओलांडल्यावर डावीकडं, कधीही वळणावर नाही. तुम्ही एकाचं चलन करता तेव्हा मागं पन्नास जण अडकू नयेत. झाडामागं दडून पकडण्याला तो कमीपणा मानायचा आणि मीही मानते. तुम्ही दिसलात म्हणून माणसानं हेल्मेट घातलं, तर तुमचं काम झालं.

मोबाईलवर फिरणारी ‘सर्व दंड एका पानावर’ अशी पत्रकं पाठ करू नका. राज्यात डिसेंबर २०२१ पासून वाढीव दंड लागू झाले, तरी जुने आकडे अजून फिरताहेत. साध्या गुन्ह्याला पहिल्यांदा पाचशे, पुन्हा केला तर दीड हजार. काही गुन्हे तडजोडीचे, म्हणजे दंड भरून मिटणारे, नाहीतच. दारू पिऊन चालवणं (रक्तात १०० मिलीलिटरमागं ३० मिलिग्रॅमच्या वर) न्यायालयात जातं. शिकवणीला दुचाकीवर येणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलांचं प्रकरणही गंभीर आहे. कलम १९९अ प्रमाणं पालकाला किंवा मालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. अशा मुलाला बाजूला घेऊन बसवा, पालकांना बोलवा, आवाज चढवू नका.

गाडीची चावी कधीही काढू नका. चालत्या गाडीसमोर उभं राहू नका. नंबर आणि फोटो पुरे आहे, चलन मालकाच्या नावावर जातं. फोन येतील, "आपलाच माणूस आहे, सोडा." तेव्हा वाद घालू नका. "मशीनला नोंद झाली" एवढंच सांगा, आणि ते खरं असलं पाहिजे. कागदपत्रं डिजिलॉकरमध्ये दाखवली तर ती चालतात. छापील हवीत म्हणून अडून बसू नका.

मुलींसाठी एक गोष्ट वेगळी. पहिल्या वर्षी मी पॉइंटवर पाणीच प्यायचे नाही, कारण स्वच्छतागृह कुठं आहे ते माहीत नसायचं. दोनदा मूतखड्याच्या कळांनी दवाखान्यात गेले. आता पॉइंट मिळाला की आदेशानंतर दुसरं काम तेच: जवळची बँक, दुकान, एखादं घर, ओळख करून ठेवायची. कोल्हापूरची माणसं नाही म्हणत नाहीत. पाऊण लिटरची बाटली दोनदा संपली पाहिजे. बुटांत अर्धा नंबर मोठा घ्या, संध्याकाळी पाय सुजतात.

गणपती विसर्जनाची मिरवणूक मिरजकर तिकटीपासून गंगावेशपर्यंत दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. तुमचा तो पहिला मोठा बंदोबस्त असेल. त्याचा आदेश आदल्या आठवड्यात निघतो. वाचा, मार्ग पायी चालून बघा, आणि मुदतीची शेवटची तारीख प्रतीवर लाल पेनानं अधोरेखित करा. मिरवणूक संपल्यावर तुमच्या पॉइंटवरचा फलक उतरला का ते बघायला परत जा. उतरला नसेल तर त्याच रात्री कंट्रोलला कळवा आणि कळवल्याची वेळ डायरीत लिहा.