लाकडी ओटा कसा निवडावा: आधी ओल मोजा, मग जात ठरवा

स्वयंपाकघराचे काम काढताना लाकडी ओटा घ्यायचे ठरले की मिळणारा बहुतेक सल्ला लाकडाच्या जातीपासून सुरू होतो, आणि चूक तेथूनच सुरू होते. सागवान की शिसम हा प्रश्न दुसरा आहे. लाकूड आतपर्यंत वाळलेले आहे का, हा पहिला.

जागा ठरवणे सोपे आहे. शेगडी आणि सिंक यांच्या भोवती ग्रॅनाइटच ठेवावा आणि जेथे भाजी चिरतो, कणीक मळतो, त्या कोरड्या बाजूलाच लाकूड घ्यावे. आपल्याकडच्या पावसाळ्यात सिंकलगतचे लाकूड टिकवणे म्हणजे रोजची राखण आहे. मी ते कोणालाही सुचवत नाही.

जातीबद्दल थोडक्यात सांगतो. सागाचा गाभा उत्तम. कोकणातील जुन्या घरांत वापरले जाणारे फणसाचे लाकूडही चांगले. ते आधी पिवळे दिसते आणि पुढे तपकिरी होत जाते. आंब्याच्या लाकडाला कीड लवकर लागते, म्हणून ते टाळावे. कोणत्याही फळीत सालीलगतचा पांढरट पट्टा दिसला तर ती बाजूला ठेवावी, कारण वाळवीपासून वाचवणारा गुण सागाच्या गाभ्यात असतो, त्या पांढऱ्या भागात नव्हे.

आता ओलीकडे येऊ. माझा पहिला ओटा पुण्यातला होता. वखारवाल्याने फळ्या वाळवलेल्या असल्याचे सांगितले, हाताला त्या कोरड्या लागल्या आणि मी फेब्रुवारीत ओटा बसवून घेतला. मे महिन्यात दोन फळ्यांमधला सांधा इतका उघडला की त्यात रुपयाचे नाणे उभे राहत होते, आणि त्या फटीत गेलेले पीठ सुईने काढावे लागत होते. तेव्हापासून मी कोणाच्याही शब्दावर लाकूड घेत नाही. फळी वरून कोरडी आणि पोटात ओली असू शकते.

हिशेब असा आहे. सागवान हे आकसण्याच्या बाबतीत शांत लाकूड मानले जाते, तरीही ओल्या अवस्थेतून पूर्ण वाळेपर्यंत ते वर्षवलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आणि त्यांना छेदणाऱ्या दिशेने सुमारे २.५ टक्के आकसते. हे सगळे आकसणे ओल साधारण २८ टक्क्यांवरून शून्यावर येईपर्यंतचे; म्हणजे ६०० मिलिमीटर रुंदीच्या ओट्यात ओल चार टक्क्यांनी उतरली, तर रुंदी जवळजवळ ५ मिलिमीटरने कमी होऊ शकते. फळीच्या टोकाकडून पाहावे: वलये पृष्ठभागावर उभी दिसली तर ही हालचाल निम्म्याहूनही कमी होते, म्हणून तशा फळ्यांना थोडे अधिक पैसे द्यावेत.

ओल मोजण्याचे यंत्र नसेल तर घरीच खात्री करता येते. फळीच्या टोकापासून किमान एक फूट आत, कारण टोके आधी वाळतात, तेथून आडवा छोटा तुकडा कापून घ्यावा आणि लगेच स्वयंपाकघरातील काट्यावर तोलावा. मग तो ओव्हनमध्ये सुमारे १०३ अंश सेल्सिअसवर, वजन उतरायचे थांबेपर्यंत ठेवावा आणि त्याच्याजवळच थांबावे. २३० ग्रॅमचा तुकडा २०० ग्रॅमवर स्थिरावला तर ओल १५ टक्के, कारण भागाकार कोरड्या वजनाने करायचा असतो. पुण्यासाठी मी १० ते १२ टक्के आणि मुंबई-कोकणासाठी १२ ते १४ टक्के धरतो. त्यापुढची फळी कितीही देखणी असली तरी परत करतो. तुकडा कापू देण्यास वखारवाला तयार नसेल तर दुसरी वखार गाठावी.

फळ्या घरी आल्यावर मध्ये पट्ट्या घालून थप्पी रचावी आणि तीन आठवडे त्याच घरात राहू द्यावी. सुतार घाई करतो, ऐकू नये.

बसवताना स्क्रूची छिद्रे रुंदीच्या दिशेने लांबट ठेवावीत, भिंतीशी ५ मिलिमीटर फट सोडावी आणि ओटा खालच्या कपाटांना कधीही चिकटवू नये. तेल वर, खाली आणि कडांना सारखेच द्यावे, नाहीतर फळी वाटीसारखी वाकते. जवसाचे तेल वापरल्यास त्याची फडकी चुरगळून टाकू नयेत, ती आपोआप पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवावीत. ओला लोखंडी तवा मात्र या ओट्यावर कधीच ठेवू नये, कारण त्याचा काळा डाग सहजासहजी निघत नाही.